पांढरे तीन, काळे एकवीस

भावोजी मला वहिनी म्हणायचे, पण त्यांच्या हिशेबी मी एकशे बारा होते. गावच्या मतदार यादीत माझा नंबर एकशे बारा. आमच्या ह्यांचा एकशे अकरा. त्यांचा स्वतःचा चौऱ्याहत्तर. चारशेच्या वर नावं होती त्या यादीत आणि त्यांना सगळी पाठ होती. शुक्रवारी शारजात रोल्लाच्या बाजारात गावाकडचं कोणी भेटलं की माणसं आधी तब्येत विचारतात. भावोजी म्हणायचे, "तू दोनशे सहा. आई दोनशे पाच. बरी आहे ना?"

ती यादी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे. एकदा सुट्टीवर गेले असताना ग्रामसेवकाच्या मागे लागून त्यांनी ती झेरॉक्स करून आणली होती. गावाहून पत्र आलं आणि त्यात कोणी गेल्याचं कळलं की पिशवी उघडायची, नाव शोधायचं आणि त्यावर रेघ मारायची. तीही पेन्सिलीनं. पेननं का नाही मारत, असं मी विचारलं तर म्हणाले, "पत्र चुकीचं निघालं तर?"

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. हे लिहायला मला तीन महिने लागले. पण त्या माणसाबद्दल गावात आता काहीबाही बोलतात, वेडा म्हणतात, म्हणून मला माहीत आहे तेवढं लिहून ठेवते.

ते ह्यांचे सख्खे भाऊ नव्हेत, गावच्या नात्यानं भावोजी, पण आमच्याकडे राहायचे. आमचं घर म्हणजे रोल्लात, कापडाच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लायवूड ठोकून एक खाट मावेल एवढी जागा केली होती, ती त्यांची. आमचे हे एका बांधकाम कंपनीत फोरमन होते. भावोजी त्याच कंपनीत टाइमकीपर. सायटीवर कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, ते वहीत लिहायचं हे त्यांचं काम. आमच्या गावची आणखी बावीस माणसं त्या कंपनीत होती. कोणी गवंडी, कोणी सुतार, बाकीचे हेल्पर. ती सनैयात, कारखान्यांच्या भागात, कंपनीच्या कॅम्पात राहायची. मी त्यांचे डबे करायची. रोज सकाळी कंपनीची पिकअप येऊन डबे न्यायची, आणि शुक्रवारी सुट्टी म्हणून सगळे माझ्याकडे मासे खायला यायचे.

घरात खानावळ चालवायला परवाना लागतो. माझ्याकडे नव्हता. जिन्यात बुटांचा आवाज आला की मी गॅस बंद करून कान देऊन उभी राहायची. बलदियाची, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीची माणसं शेजारच्या इमारतीत दोनदा येऊन गेली होती. तिथल्या बाईची भांडी त्यांनी गाडीत घालून नेली. नवऱ्याला काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण महिनाभरात त्या घराला दुसरं कुलूप होतं.

तिकडे सगळेच थोडे घाबरून असायचे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, व्हिसा कंपनीचा, खोली कंपनीची. कंपनी नको म्हणाली की खलास. जेवताना कोणी 'कॅन्सल' हा शब्द उच्चारला तरी घास हातात थांबायचा. पण भावोजींचं घाबरणं आम्हा सगळ्यांच्या वरचं होतं. फोन वाजला की कोणाचा आहे ते कळायच्या आधी उठून उभे राहायचे. चहा दाराशी उभ्यानं प्यायचे. हजेरी सकाळी पेन्सिलीनं लिहायची आणि दुपारी खाडाखोड नाही असं बघून मग पेननं गिरवायची. पेटीच्या कडीला एक काळा दोरा बांधलेला असायचा, कोणी उघडली तर कळावं म्हणून. पेटीत दोन सदरे आणि आईचा फोटो. कंपनीची रिकामी गाडी रस्त्याला उभी दिसली तरी आवाज खाली करायचे.

मी एकदा म्हटलं, "भावोजी, गाडीला काय कान असतात?"

"गाडीला नसतात, वहिनी. पण ड्रायव्हर कुठं गेलाय ते आपल्याला माहीत नसतं."

एकदा आम्ही तिघं बर दुबईच्या देवळात गेलो. देऱ्याच्या बाजूनं खाडी ओलांडायला अब्रा घ्यावा लागतो. उघडी लाकडी नाव, मध्ये बाक, कठडा नाही. भावोजी बरोबर मधोमध बसले आणि शेजारच्या अनोळखी पठाणाच्या कमीजचं टोक मुठीत धरलं. पलीकडे लागेपर्यंत सोडलं नाही. उतरताना पठाणानंच हात दिला आणि म्हणाला, "यल्ला, हीरो." म्हणजे चल, हीरो. आमचे हे वर्षभर त्यांना हीरो म्हणत होते.

अशा माणसाला मतदानाचं वेड होतं. बरं, स्वतः आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. मत द्यायचं वय व्हायच्या आधी ते आखातात आले, आणि पुढं गावात निवडणूक लागली तेव्हा कधी सुट्टी जुळली नाही. आमची सुट्टी दोन वर्षांनी, ती कधी द्यायची ते कंपनी ठरवणार. सतरा वर्षांत त्यांच्या बोटाला शाई लागली नव्हती. म्हणून असेल, पण आमच्या घरात शुक्रवारी काय शिजवायचं हेसुद्धा ते मतावर घ्यायचे.

त्यासाठी दूधपावडरचा एक मोठा डबा होता, झाकणाला सुरीनं फट पाडलेली. प्रत्येकाला दोन दाणे द्यायचे, एक पांढरा पावटा आणि एक काळा वाटाणा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. डब्यावर टॉवेल टाकलेला. टॉवेलाखाली हात घालून एक दाणा टाकायचा, दुसरा मुठीत घेऊन यायचं. यादी वाचून नंबरानं बोलवायचे. माझ्याशिवाय डबा उघडत नसत. मी पहिल्यांदा म्हटलं, "माझं कशाला? मी रांधणारी."

"एकशे बारा कोण आहे?"

"मी."

"मग या."

स्वतः कधी दाणा टाकत नसत. मी विचारलं तर म्हणाले, माझं पहिलं मत खरंच असणार, खोट्या डब्यात ते घालवणार नाही. दाणे तीनदा मोजायचे. मग कागदावर निकाल लिहायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराला भाताच्या शितांनी चिकटवायचा. सुरमई पंधरा, बांगडे नऊ. निकाल लावल्याशिवाय मतदान पुरं होत नाही म्हणायचे. आणि कोणी कुणाला विचारलं, तू कुठला टाकलास रे, तर ते भडकायचे. घाबरट माणूस तेवढ्यापुरता भडकायचा. "गुप्त म्हणजे गुप्त," म्हणायचे. पोरं त्यांना चिडवायला मुद्दाम विचारायची.

एकदा कॅम्पातल्या पोरांनी एका सुताराला खोलीबाहेर काढायचं ठरवलं, तो फार घोरतो म्हणून. डब्यावर मत घ्या म्हणाले. भावोजींनी डबा उचलून पलंगाखाली सारला. "मासा कुठला ते विचारा. माणूस ठेवायचा की नाही ते डब्याला विचारायचं नाही." तो सुतार घोरत राहिला आणि पोरं कानात कापूस घालून झोपायला शिकली.

आता जे घडलं ते सांगते. कुवेतची लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

आमच्या गावाच्या वर सडा आहे. सपाट कातळ, पावसाळ्यात गवत, एरवी उजाड. त्या सड्याच्या पोटातून झरा येतो आणि आमच्या तिन्ही वाड्या त्या झऱ्यावर जगतात. आमच्या कंपनीच्या मालकांची गावाकडे खडी-दगडाची दुसरी कंपनी होती. तिला तो सडा फोडायचा होता. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पाहिजे आणि जुनी पंचायत तो देत नव्हती. तेवढ्यात निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात कोण येतं यावर सगळं अडलं होतं, आणि तो वॉर्ड थोड्याशा मतांवर हलणारा. त्यातली दोन डझन मतं शारजात विटा रचत होती.

एका गुरुवारी दुपारी मोठे मॅनेजर कॅम्पात आले. मुंबईचे, मराठी बोलणारे, गोड बोलणारे. आमच्या ह्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "तुमच्या गावच्या सगळ्यांची सुट्टी मी आताच मंजूर करतो. तिकीट कंपनीचं. निवडणुकीला घरी जा, आईबापांना भेटा. शिक्का कुणावर मारायचा ते मी सांगायला नको. तुम्ही कंपनीचं मीठ खाता." मग जाता जाता वळून म्हणाले, "आणि परत यायचं आहे ना सगळ्यांना?"

भावोजींच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. तेही जाणार होते. चौऱ्याहत्तर नंबर. त्या संध्याकाळी त्यांनी तीनदा विचारलं, "वहिनी, शाई डाव्या बोटाला लावतात ना?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बावीस जण जेवायला आले. जेवण झाल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "मग काय करायचं? कंपनीला द्यायचं ना मत?" आणि हात वर केला. एकेक करून सगळे हात वर गेले. ज्याचा हात उशिरा गेला त्याच्याकडे बाकीचे बघत होते.

भावोजी डबा घेऊन आले. म्हणाले, "हे मतदान नव्हे. हात वर केला की शेजारचा बघतो. तिकडे गावी पडद्यामागं कोणी नसणार. सराव करू."

"कशाला उगीच," आमचे हे म्हणाले.

"तुम्ही सगळे नवीन आहात. शिक्का चुकला तर मत बाद होतं. सराव पाहिजे."

मला वाटतं त्यांना खरंच फक्त सराव पाहिजे होता. या माणसाला सहा दिवसांनी आयुष्यातलं पहिलं मत द्यायला मिळणार होतं, आणि लग्नाआधी हळद पाहिजे तशी त्यांना रंगीत तालीम पाहिजे होती. त्यांनी नंबर पुकारले. सडा कंपनीला द्यायचा तर पांढरा, नाही तर काळा. एकेक जण उठून टॉवेलाखाली हात घालत होता. एरवी हसणं-खिदळणं चालायचं. त्या दिवशी फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. मीही टाकला. कुठला ते सांगणार नाही.

उरलेला दाणा एरवी सगळे माझ्या टोपात परत टाकायचे. त्या दिवशी टोपात दोन-तीनच आले. बाकीच्यांनी तो कच्चाच गिळला. मी बघत होते, गळ्याची घाटी वरखाली होत होती.

भावोजींनी डबा पालथा केला. तीनदा मोजलं. पांढरे तीन, काळे एकवीस.

तो घोरणारा सुतार म्हणाला, "चला, पिकअप आली असेल," आणि सगळे उठले. खाली पिकअप आली नव्हती.

भावोजींनी कागद घेतला आणि चांगल्या अक्षरात लिहिलं, 'सडा द्यावा ३. सडा देऊ नये २१.' आमचे हे म्हणाले, "तो कागद लावू नका." भावोजी म्हणाले, "निकाल लावावा लागतो." "अहो, पण कोणी बघितला तर?" "इथं मराठी कोण वाचतंय?" एवढं बोलून ते दार लावलं का बघायला गेले, कारण आपण मोठ्यानं बोललो असं त्यांना वाटलं. कागद माशांच्या कागदाशेजारी लागला.

शनिवारी सकाळी पिकअपचा ड्रायव्हर आजारी होता म्हणून डबे न्यायला कॅम्प बॉस, म्हणजे कॅम्पावर देखरेख करणारा, स्वतः आला. हा केरळचा, माझ्याच वयाचा, वाईट माणूस नव्हे. मला चेची म्हणायचा, म्हणजे ताई. दोघं जण, म्हणजे आमचे हे आणि भावोजी, कामावर गेलेले. कॅम्प बॉस स्वयंपाकघराच्या दाराशी डबे मोजत उभा होता. त्याचं लक्ष कागदांकडे गेलं.

"चेची, ये नया पेपर है? मछली का?"

शेजारी माशांचा कागद होता. 'हो' एवढं म्हणायचं होतं. माझ्या तोंडात ते आलं नाही. मी म्हटलं, "नहीं, ये गाँव का है." आणि बोट ठेवून वाचलं. "पहाड़ देना, तीन. पहाड़ नहीं देना, इक्कीस."

"किसको नहीं देना?"

"कंपनी को."

त्यानं हातातले डबे खाली ठेवले. म्हणाला, "चेची, ये तुम मेरे को क्यों बताया?"

"तुमने पूछा."

त्याच्या कपाळावर घाम होता, आणि स्वयंपाकघर एवढं गरम नव्हतं. मग म्हणाला, "अब मेरे को मालूम हो गया. मालूम है तो बोलना पड़ेगा. कल दूसरा कोई बोला, तो मैनेजर मेरे को पूछेगा, तेरे को क्यों नहीं मालूम? मेरा भी दो बच्चा है." त्यानं कागद नखानं सोडवला, घडी घातली आणि खिशात टाकला. दाराला दोन शितं तशीच राहिली. डबे घेऊन तो गेला. जिन्यात त्याचे बूट शेवटपर्यंत ऐकू आले.

मी का वाचलं, याची कारणं मी पुष्कळ वर्षं शोधली. घरात बिनपरवान्याची खानावळ, समोर कंपनीचा माणूस, खोटं बोलायची भीती वाटली, हे एक. मला जन्मात कोणी काही वाचून दाखव म्हणालं नव्हतं, हे दुसरं. दोन्ही खरी असतील. दोन्हींचा काही उपयोग नाही.

त्या दिवशी आमचे हे नेहमीच्या वेळेआधी घरी आले आणि चप्पल न काढता खुर्चीवर बसले.

"तिकिटं गेली," म्हणाले.

"कुणाची?"

"सगळ्यांची. सुट्टी पुढं ढकलली. निवडणूक झाल्यावर बघू म्हणाले."

मग सगळं बाहेर आलं. मॅनेजरांनी बावीसही जणांना एकेकाला केबिनमध्ये बोलावलं होतं. फोरमन म्हणून आमचे हे आत कोपऱ्यात उभे. टेबलावर तो कागद. मॅनेजर प्रत्येकाला एकच विचारत होते, काळा कुणी टाकला? कोणी माहीत नाही म्हणत होता, कोणी रडत होता. एकानं तर दुसऱ्याचं नाव घेतलं. शेवटी भावोजींना बोलावलं, कारण अक्षर त्यांचं. सतरा वर्षं मॅनेजर ते अक्षर हजेरीच्या वहीत बघत होते.

"हे तुझं?"

"हो साहेब."

"काळे कुणाचे?"

आमचे हे सांगतात, भावोजी टेबलाला घट्ट धरून उभे होते. पण बोलले.

"माझे."

"तुझा एक. बाकीचे?"

"सगळे माझे."

"एकवीसच्या एकवीस?"

"हो साहेब. मला सवय आहे. एकटा बसून डबा भरतो. कुणालाही विचारा, साहेब, सगळे मला हसतात."

"आणि हे लोक काय करत होते?"

"ते मासे खायला आले होते."

मॅनेजर हसले म्हणे. मग त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघून विचारलं, "खरं आहे का हे?" आमचे हे 'हो' म्हणाले. त्यांनी दुसरं काही म्हणायला पाहिजे होतं असं मी कधी म्हटलं नाही, आणि तेही मला कधी काही म्हणाले नाहीत.

त्या एकवीसांतला एकही दाणा भावोजींचा नव्हता. हे आम्हा चोविसांनाही माहीत होतं.

भावोजी संध्याकाळी आले ते भिंतीच्या कडेनं, आणि सरळ प्लायवूडच्या मागे गेले. थोड्या वेळानं पँट गुंडाळून बाहेर आले, मोरीकडे निघाले. मी म्हटलं, द्या इकडे. नको म्हणाले. मी हातातून घेतली. ओली होती. मी धुतली आणि दोरीवर घातली.

"कॅन्सल?" मी विचारलं.

"कॅन्सल."

"मग तुम्ही तरी गावी जाल. मत तरी होईल."

"पासपोर्ट निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी देणार आहेत," ते म्हणाले. मॅनेजर गोड बोलायचे, पण मोजून बोलायचे.

पुढचे दिवस भावोजी त्या प्लायवूडच्या मागे बसून होते. कामावर यायचं नाही असं सांगितलं होतं. मी डबे भरायची, ते खाटेवर. जिन्यात पाऊल वाजलं की दोघंही श्वास धरायचो, मी इकडे, ते तिकडे. पोलीस येतील असं त्यांना वाटायचं. मीटिंग भरवली म्हणून. "इथं मीटिंग चालत नाही, वहिनी. डबा फेकून द्या." मी डबा फेकला नाही, त्यात हळद भरून ठेवली. मला दुसरीच भीती होती, की कॅम्प बॉस कोणाला सांगेल, कागद चेचीनं वाचून दाखवला. त्यानं सांगितलं नाही. सगळे समजले, त्यानं कागद नेऊन कुणाकडून तरी वाचून घेतला. भावोजीही तसंच समजले. "चूक माझी," म्हणायचे. "निकाल लावायलाच नको होता." मी पलीकडे कांदा चिरत असायची. ते ऐकायची आणि चिरत राहायची.

निवडणुकीच्या दिवशी त्यांनी सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला आणि खाटेवर ताठ बसून राहिले. मांडीवर यादीची पिशवी. मी चहा दिला तर म्हणाले, "आता शाळेत लाइन लागली असेल." गावाकडे साडेपाचला मतदान संपलं, तेव्हा शारजात चार वाजले होते. त्यांनी सदरा काढून घडी घातली.

तिसऱ्या दिवशी ते गेले. कंपनीचा माणूस आलेला, विमानात बसेपर्यंत पासपोर्ट त्याच्या हातात. आमच्या वॉर्डात कंपनीचा उमेदवार नऊ मतांनी निवडून आला. आमच्यातले सोळा गेले असते, त्यांत तिन्ही पांढरे धरले, तरी पुरलं असतं. आमचे हे हे गणित एकदाच बोलले.

आम्ही पुढं बरीच वर्षं तिथं राहिलो. ह्यांची नोकरी टिकली. माझे डबे चालले, बलदिया कधी आली नाही. गावात माझ्या दिराला खाणीवर डंपरचं काम मिळालं. आमचं घर तेव्हापासून कंपनीचं घर धरलं जातं.

दोन हजार साल उलटल्यावर मी कायमची परतले. सडा अर्धा गेला होता. दुपारी भोंगा वाजतो, मग सुरुंग, मग भांडी थरथरतात. झरा आधी गढूळ झाला, मग बारीक झाला, मग पावसाळ्यापुरता राहिला. आता टँकर येतो, तोही कंपनीचाच. पंचायतीत जाऊन कोणी तक्रार करत नाही, टँकर बंद होईल म्हणून. मला हे ओळखीचं वाटलं. गावात राहूनही माणसं कपाटात पासपोर्ट असल्यासारखी बोलत होती. रस्त्यात डंपर उभा असला तर आवाज खाली करत होती.

भावोजी आईच्या घरात एकटे राहायचे. केस पांढरे झाले होते. मला बघून म्हणाले, "एकशे बारा."

"आता कुठला नंबर," मी म्हटलं. नवी यादी झाली होती. खाणीवरचे परगावचे कामगार कंपनीच्या शेडमध्ये राहायचे, त्या सगळ्यांची नावं चढली होती. आणि भावोजींचं नाव गेलं होतं. ते शारजात असताना कधी तरी 'गावात राहत नाही' म्हणून काटलं होतं. त्यांनी दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा कागद अपुरे निघाले. नव्या यादीत चौऱ्याहत्तर नंबरावर एक खाणीवरचा ड्रायव्हर आहे. माझं नाव मात्र शाबूत होतं. मीही तितकीच वर्षं शारजात होते. पण दीर कंपनीत आहे.

मी आले त्या वर्षी पुन्हा निवडणूक होती. मी शाळेत गेले. व्हरांड्यात कंपनीचे दोघं खुर्च्या टाकून बसले होते, येणाऱ्याला नावानं नमस्कार करत. लाइनीत माझ्यापुढं दहा-बारा माणसं, आणि त्यांत भावोजी. इस्त्रीचा सदरा, हातात तीच पिशवी. त्यांचा नंबर आला. टेबलावरच्या मास्तरांनी यादी न बघताच म्हटलं, "काका, तुमचं नाव नाही. मागच्या वेळेलाही सांगितलं."

"बरं," भावोजी म्हणाले, आणि बाजूला झाले. भांडले नाहीत, काही नाही. प्रत्येक निवडणुकीला असंच येतात, लोक मला सांगत होते, आणि हसत होते.

मी मत देऊन बाहेर आले तर ते फाटकाशी उभे होते. म्हणाले, "बघू."

मी डावा हात पुढं केला. त्यांनी हात मागे बांधून, वाकून, माझ्या बोटावरची शाई बघितली. बराच वेळ बघितली.

तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. पाच-सहा वर्षं झाली होती. व्हरांड्यातले दोघं आमच्याकडे बघत होते, तरी मला वाटलं.

"भावोजी," मी म्हटलं, "तो कागद होता ना. दारावरचा. मला तुम्हाला सांगायचं आहे, मी त्या दिवशी..."

त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. पिशवी खाली पडली. त्यांना वाटलं मी कुठला दाणा टाकला ते सांगते आहे.

"नाही, वहिनी. नाही. गुप्त म्हणजे गुप्त."

"अहो, ते नाही..."

"नको. नको." डोळेही मिटून घेतले होते.

मी पिशवी उचलून त्यांच्या काखेत अडकवली. म्हटलं, "बरं. नाही सांगत." तेव्हा त्यांनी कान सोडले. व्हरांड्यातल्या एकानं मला हाक मारून विचारलं, "काय वहिनी, काय म्हणतोय वेडा?"

"काही नाही," मी म्हटलं. "मासे काय आणलेत ते विचारतायत."

एवढं खोटं मला किती सहज आलं.